स्लायडरमधला पहिला फोटो

सत्तरीत वाळपईच्या पुढे एका काकांचा होमस्टे आहे, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) मधोमध. त्यांची वेबसाइट मी फोंड्यातून सांभाळतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा फोन आला, "अरे, चोर्ला घाटातून येणारी माणसं म्हणतात, तुमची साइट उघडली की नुसता पांढरा पट्टा दिसतो. फोटो काढणाऱ्याला मी पैसे कशाला मोजले?"

माझ्या वायफायवर सगळं झटपट दिसत होतं. त्यामुळे क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (पान तपासायच्या साधनांत) स्लो ४जी लावलं, म्हणजे नेट मुद्दाम हळू केलं, आणि नेटवर्क टॅब उघडून बसलो. स्लायडरचे, म्हणजे पानावर एकामागून एक बदलणारे, सगळे फोटो एकदम उतरायला लागले होते, आणि जो आधी दिसायला हवा तोच उशिरा सुरू होत होता.

कारण थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात होतं. फोटो सीएसएसमधून, म्हणजे पानाची सजावट सांगणाऱ्या स्टाइलशीटमधून, बॅकग्राउंड इमेज म्हणून लावलेले. ब्राउझरचा प्रीलोड स्कॅनर एचटीएमएलमधून (पानाच्या मूळ कोडमधून) पुढे पळतो आणि इमेजचा टॅग दिसला की फोटो मागवून ठेवतो. सीएसएसमधला फोटो त्याला दिसतच नाही. आधी स्टाइलशीट उतरणार, मग त्या फोटोची आठवण होणार. म्हणून पहिली स्लाइड साध्या इमेज टॅगमध्ये आणली, ऑब्जेक्ट-फिटने ती चौकटीत बसवली आणि तिला फेचप्रायॉरिटी हाय दिली, म्हणजे ती आधी मागव असं ब्राउझरला सांगितलं. सगळ्यात जास्त फरक इथेच पडला.

मग लेझी लोडिंग, म्हणजे फोटो स्क्रीनजवळ येईपर्यंत न मागवणं. 'सगळ्या फोटोंना लेझी लावा' हा सल्ला जिथे तिथे मिळतो, पण पहिल्या स्लाइडला लेझी लावलं तर ब्राउझर पानाची मांडणी होईपर्यंत तिला हातच लावत नाही. ती तशीच ठेवायची. बाकीच्यांना लेझी लावलं, तरी ते सगळे उतरतच होते! आमचा स्लायडर फेडवाला, एक फोटो विरत दुसरा उमटणारा. त्यात स्लाइड एकमेकींवर रचलेल्या असतात, फक्त ओपॅसिटी शून्य, म्हणजे पूर्ण पारदर्शक. ब्राउझरच्या लेखी त्या स्क्रीनवरच आहेत, मग तो थांबेल कशाला? शेवटी त्यांचे पत्ते डेटा-एसआरसीमध्ये ठेवले, तिथून ब्राउझर स्वतःहून फोटो मागवत नाही. पहिला फोटो पूर्ण आला की जावास्क्रिप्ट दुसऱ्याचा पत्ता भरते, आणि तो डीकोड झाल्यावरच (उलगडून दाखवायला तयार झाल्यावरच) स्लाइड बदलते. रेंज गेलीच तर पहिला फोटो जागेवर राहतो, रिकामी चौकट फिरत नाही.

फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच चढवलेले होते, ६००० बाय ४००० पिक्सेलचे. एवढा फोटो कितीही दाबला तरी उलगडल्यावर मेमरीत साधारण ९६ एमबी घेतो, कारण दर पिक्सेलला चार बाइट लागतात. स्वस्त फोनवर स्लाइड अडखळत होत्या त्या यामुळे. फोनला १२०० पिक्सेलची रुंदी पुरते. मी ८००, १२०० आणि १९२० अशा रुंदीच्या प्रती काढल्या आणि सोर्ससेट-साइझेसमध्ये लावल्या, म्हणजे ब्राउझर स्क्रीनला साजेशी प्रत निवडतो. फॉरमॅट एव्हीआयएफ आधी, ते न उघडणाऱ्या ब्राउझरला वेबपी. ओल्या पानांच्या फोटोत बारकावे भरपूर, त्यामुळे क्वालिटी फार खाली नेली की हिरव्याचा चिखल होतो. ती प्रत्येक फोटोला डोळ्यांनी बघूनच ठरवली. टॅगमध्ये रुंदी-उंचीही लिहिली, नाहीतर फोटो येताच खालचं बुकिंगचं बटण सरकतं आणि बोट भलतीकडेच पडतं.

गूगलच्या मापात एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगला. आमचा आता त्या आत आहे, निदान माझ्या चाचणीत. खऱ्या पाहुण्यांचे आकडे क्रोम २८ दिवसांच्या खिडकीतून काढतं, आणि लहान साइटला तेवढी गर्दी नसेल तर ते दिसतही नाहीत.

काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं. आता वर ड्रोनचा व्हिडिओ टाकूया." मी पोस्टरच्या फोटोवर, म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसणाऱ्या फोटोवर, त्यांना थोपवून धरलंय. व्हिडिओच्या पोस्टरला सोर्ससेट लावता येत नाही, त्यामुळे फोनसाठी वेगळी सोय करावी लागेल, आणि त्या कामाचे पैसे वेगळे, हेही सांगून ठेवलंय.