मॅजिक किंगडममधली आषाढी

अमेरिकेच्या ईस्ट कोस्ट टूरमध्ये टूर मॅनेजरचा खरा कस लागतो तो ऑर्लँडोला. नायगऱ्याला माणसं कठड्याशी उभी राहतात, भिजतात, फोटो काढतात आणि मुकाट बसमध्ये येऊन बसतात. इथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कच्या गेटातून आत गेलं की ग्रुप उरतच नाही. कोणाला राजवाड्यापुढे फोटो हवा असतो, कोणाला रोलर कोस्टर, कोणाला टॉयलेट, आणि एका काकांना कायम चहा. मी बरीच वर्षं हे काम करते, त्यामुळे माझा एक ठरलेला मार्ग आहे. तरुण मंडळींना सकाळीच मोकळं सोडायचं आणि ज्येष्ठांना सावली, बैठक आणि जवळ टॉयलेट या तीन गोष्टी सांभाळत फिरवायचं.

या मार्गात 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' असतंच. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला हा कार्यक्रम १९७५पासून इथे चालू आहे. प्रेक्षागृहच गोल फिरतं, एसी उत्तम, आणि माणसं वीस मिनिटं बसून राहतात. शेवटच्या प्रवेशातलं भविष्यकाळाचं घर नव्वदच्या दशकातलं आहे. तिथे तोंडी हुकमावर चालणाऱ्या ओव्हनचं कौतुक चालतं, तेव्हा आमच्या काकू आपल्या फोनला तोंडी हुकूम सोडत असतात. दुसरी हमखास जागा होती नदीतली आगबोट, 'लिबर्टी बेल'. तीन मजली, पांढरी, मागे पाणी कापणारं मोठं चाक. अर्ध्या मैलाच्या आसपासची नदी, टॉम सॉयरच्या बेटाला एक वळसा, सतरा-अठरा मिनिटं. खरं सांगायचं तर या बोटीबद्दल मला काडीचंही प्रेम नव्हतं. माझ्या लेखी तो ज्येष्ठांचे पाय मोकळे व्हायचा वेळ होता.

६ जुलै २०२५, रविवार. ही नदी, हे बेट आणि ही बोट, तिन्हींचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून सगळं कायमचं बंद आणि त्या जागी 'कार्स' या चित्रपटावरचा नवा विभाग होणार, हे डिस्ने कंपनीने आदल्या ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं. मला ते माहीत होतं, पण माझ्या डोक्यात त्या दिवशी वेगळाच प्रश्न होता. कारण त्याच दिवशी आषाढी एकादशी होती.

ग्रुपमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना उपास. ज्या भारतीय हॉटेलात जेवणाचं कंत्राट असतं, तिथल्या गुजराती मालकांना रात्रीच सांगून साबुदाण्याची खिचडी करून घेतली होती. ती सकाळी डब्यांतून बसमध्ये वाटली. राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की लोकांनी घरूनच आणली होती. बसमध्ये वाद पेटला तो फ्रेंच फ्राईजवरून. बटाटा चालतो, मीठ चालतं, पण त्याच तेलात चिकन तळलेलं असेल तर? एका निवृत्त मुख्याध्यापकांनी निर्णय दिला, 'न विचारता खाल्लं तर चालतं.' त्यावर त्यांच्या सौंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर तो विषय संपला.

पार्किंगकडून तलावापलीकडे जायला मोनोरेल असते आणि फेरीबोटही. ज्येष्ठांना मी बोटीने नेते, चढउतार सोपी पडते. त्यातल्या एका फेरीबोटीचं नाव 'ॲडमिरल जो फाउलर'. नौदलातून निवृत्त झालेले हे गृहस्थ डिस्नेच्या कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या दोन्ही ठिकाणच्या पार्कांच्या बांधकामावर देखरेख करत होते. १९७१ साली नदीत उतरलेल्या पहिल्या आगबोटीचंही नाव हेच होतं. १९८०मध्ये दुरुस्तीच्या गोदीत तिचं नुकसान झालं आणि ती गेली. 'लिबर्टी बेल'चं मूळ नाव 'रिचर्ड एफ. अर्व्हिन'. १९९६मध्ये ते बदललं, आणि आता तेही एका फेरीबोटीला दिलंय. ही माहिती मी दर ग्रुपला देते आणि दर ग्रुप ती ऐकत नाही. या वेळी मात्र एक आजी ऐकत होत्या. 'म्हणजे आधी बोट गेली, मग नाव दुसरीला दिलं,' त्या म्हणाल्या. 'आमच्यात नातवाला देतात तसं.'

या आजी राजापूरच्या खाडीकाठच्या. वय अठ्ठ्याहत्तर. सोबत मुलगा, सून आणि चौथीतला नातू. नातवाला फक्त 'ट्रॉन' हवं होतं, २०२३मध्ये सुरू झालेलं, मोटरसायकलवर ओणवं बसून जायचं कोस्टर. मुलगा-सून त्याच्याबरोबर तिकडे गेले आणि आजी माझ्या टोळीत आल्या.

लिबर्टी स्क्वेअरला पोचले आणि माझा मार्ग कोलमडला. एरवी या बोटीला रांग म्हणावी अशी नसायची. आज धक्क्यापासून माणसं मागे वळण घेऊन उभी. कोणी कप्तानाची टोपी घातलेली, कोणी बोटीचं चित्र छापलेले शर्ट शिवून आणलेले. एक बाई चक्क डोळे पुसत होत्या. आमच्या काकूंनी मला कोपराने ढोसलं, 'कोणी गेलं का गं यांचं?' मी म्हटलं, 'बोट बंद होतेय.' काकूंनी पुन्हा त्या बाईंकडे पाहिलं. 'एवढ्यासाठी?'

उपाशी ज्येष्ठांना उन्हात उभं करायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं. मी बोट रद्द करून त्यांना एसी असलेल्या एखाद्या कार्यक्रमाला नेणार होते. आजी म्हणाल्या, 'शेवटचा दिवस आहे ना? मग बसू या.' आणि त्या रांगेत जाऊन उभ्याच राहिल्या. सत्तरीपुढच्या बाईने बैठक मारली की बाकीचे मुकाट मागे येतात, हा माझा अनुभव आहे.

आमच्या पुढे जॉर्जिया राज्यातून आलेलं कुटुंब होतं. आजोबा, मुलगी, आणि लाल लायटनिंग मॅक्वीनचा शर्ट घातलेला पाच-सहा वर्षांचा नातू. म्हणजे ज्या गाड्यांसाठी नदी बुजणार, त्याच गाडीचं चित्र छातीवर घेऊन पोरगं नदीला निरोप द्यायला आलेलं. आजोबांचा राग खरा होता. ते लग्नानंतर इथे आले होते, मग मुलीला घेऊन, आणि आता तिच्या मुलाला. त्यांचा मुद्दा असा की वॉल्ट डिस्नेने फ्लोरिडात सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली, तीच मुळी कॅलिफोर्नियासारखी जागेची अडचण होऊ नये म्हणून. मग एवढ्या जमिनीत गाड्यांना नेमकी नदीच सापडली? कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये जागा खरोखर कमी. तिथे स्टार वॉर्सचा विभाग करताना नदी आखूड केली, वळवली, पण ठेवली. १९५५ची 'मार्क ट्वेन' बोट तिथे आजही फिरते. मुद्दा बिनतोड होता.

मुलीने त्यांना हसत थोपवलं. वॉल्टनेच सांगितलं होतं ना, डिस्नेलँड कधी पूर्ण होणार नाही म्हणून, असं ती म्हणाली. या वाक्याची गंमत अशी की दोन्ही बाजू तेच वापरतात. तिला स्वतःला 'मिस्टर टोड' हवा होता. ती लहान असताना, १९९८ साली, ती राइड बंद केली तेव्हा लोकांनी पार्कात येऊन निषेध केला होता. त्या जागी विनी द पू आला. आज पूची राइड काढायची म्हटलं तर तिचा मुलगा रडेल. त्या टोडचा छोटा पुतळा हाँटेड मॅन्शन या भूतबंगल्यातल्या प्राण्यांच्या दफनभूमीत बसवलाय. कंपनीला विनोदबुद्धी आहे हे मान्य करायला हवं. आणि ग्राहकांना तर तिच्याहून जास्त: 'स्प्लॅश माउंटन' ही पाण्यातली राइड २०२३मध्ये बंद झाली तेव्हा तिथलं पाणी बरण्यांत भरून लोकांनी ऑनलाइन विकायला काढलं होतं. आम्ही गंगाजल घरी ठेवतो, तेव्हा मी हसले नाही.

मला रांगेत उभं असताना एक गोष्ट लख्ख कळली. आमच्या ग्रुपमधला जवळजवळ प्रत्येक जण इथे आयुष्यात एकदाच येतो. त्याच्या हातात यादी असते: राजवाडा, परेड, फटाके, एक कोस्टर. त्यातलं काय जुनं, काय नवं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बदलाचं दुःख व्हायला आधी दुसऱ्यांदा यावं लागतं. जॉर्जियाच्या आजोबांसाठी हे गावचं तळं होतं आणि आमच्यासाठी तिकिटात धरलेली एक गोष्ट. माझीही बाजू यादीचीच. पोट त्यावर चालतं.

तेवढ्यात बोटीने भोंगा दिला. तो वाफेचा भोंगा होता, रेकॉर्ड केलेला नव्हता. बोटीत खरा बॉयलर होता, वाफेवर मागचं चाक फिरायचं आणि चाकाने बोट पुढे जायची. फक्त दिशा खोटी: पाण्याखाली रूळ होता, कप्तानाने सुकाणू कितीही फिरवलं तरी बोट जायची तिथेच जायची. आजींनी माझा हात धरला. 'नदी खोटी असेल गं, पण भोंगा खरा आहे.'

बोटीवर चढल्यावर बाकी सगळे वरच्या मजल्याकडे धावले, फोटोसाठी. आजी खालीच थांबल्या. खालच्या मजल्यावर बॉयलर दिसायचा आणि मागे गेलं की चाक फिरवणारे दांडे. त्या तिथे कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. मी ऐकत होते आणि मनात डोकी मोजत होते.

लहानपणी त्या मुंबईहून गावी बोटीनेच जायच्या. संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर वळकट्या, ट्रंका, कोंबड्यांच्या खुराड्यासकट बिऱ्हाडं. रात्रभर डेकवर. मुसाकाजी बंदराला बोट लांब उभी राहायची, मग पडाव, म्हणजे मोठी होडी, येणार, खलाशी पोरांना दंडाला धरून वरून खाली झेलणार. पडावातून किनारा, तिथून होडीने खाडीत आत. 'भोंगा झाला की आई उठवायची. जयगड आलं, रत्नागिरी आलं, पोरंसुद्धा भोंगा ऐकून ओळखायची.'

मी विचारलं, ती बोट बंद झाली तेव्हा? शेवटच्या दिवशी कोणी गेलं होतं का?

'शेवटचा दिवस कळला कुणाला? पावसाळ्यात बोट बंद व्हायचीच. एका वर्षी पावसाळा संपला आणि आमच्या बंदरात आलीच नाही. दोन-तीन महिने लोक म्हणत होते, येईल. मग म्हणायचे थांबले.'

'वाईट वाटलं असेल.'

'छे गं! एसटी आली ना. बोट लागायची मला. रात्रभर ओकाऱ्या काढत कोण जाणार?' मग थोडं थांबून, 'भाऊ मात्र फार दिवस धक्क्यावर जाऊन बसायचे. पडाव त्यांचाच होता.'

तेव्हा बोट सुटली. वरून टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी हुंदका. आणि वरच्याच मजल्यावरून आमच्या मुख्याध्यापकांचा खणखणीत आवाज आला: 'पुंडलिक वरदे हाऽऽरि विठ्ठल!' चाळीसेक मराठी गळ्यांनी साथ दिली. जॉर्जियाच्या आजोबांनी मला विचारलं, ही काय प्रार्थना? मी सांगितलं की आज आमच्याकडे लाखो लोक चालत एका गावी पोचतात, तिथे नदी आहे. त्यांनी टोपी काढली. त्यांना वाटलं, आम्हीही बोटीसाठीच म्हणतोय. मी खुलासा केला नाही, त्यांना ते बरं वाटत होतं. नंतर दुसऱ्या वळणावर काही अमेरिकन तरुणही 'विठ्ठल' म्हणत होते, उच्चार विचारू नका.

एका बाजूला बिग थंडर माउंटन दुरुस्तीसाठी बंद, गाडी नाही, किंचाळ्या नाहीत. दुसऱ्या बाजूला बेट, त्याच्या गुहा आणि लाकडी किल्ला, तिथे तराफ्याने शेवटचे लोक ये-जा करत होते. स्प्लॅशच्या जागी झालेली टियाना राजकन्येची राइड मात्र जोरात चालू. पोरं धबधब्यातून खाली कोसळत होती आणि बोटीवरच्या रडणाऱ्यांना हात करत होती.

उतरताना आजींनी धक्क्यावरच्या पोषाखातल्या मुलीला विचारलं, मी दुभाषी: 'बोटीचं पुढे काय करणार?' ती गोड हसली आणि शुभ दिवसाच्या शुभेच्छा दिल्या. प्रशिक्षण चोख असतं त्यांचं.

मीटिंग पॉइंटला सगळे वेळेवर आले, हा त्या दिवसाचा खरा चमत्कार. नातू ट्रॉनमध्ये दोनदा बसून आला होता आणि दुसऱ्या वेळी डोळे उघडे ठेवल्याचं सगळ्यांना सांगत होता. आजीने बोटीचं सांगितल्यावर म्हणाला, 'स्लो होती ना?' मग कार्सचा विभाग कधी उघडणार हे त्याने मला विचारलं आणि तेव्हा आपण कितवीत असू याचा हिशेब बोटांवर मांडला. आजीला त्याचा राग आला नाही. मला थोडा आला. का, ते नक्की सांगता येत नाही.

पुढच्या ग्रुपसाठी ऑफिसने छापील कार्यक्रमातून बोटफेरी काढली आणि तिथे 'भोजनासाठी मोकळा वेळ' असं टाकलं. तक्रार एकही आली नाही, उलट ती वेळ लोकांना आवडते.

काही आठवड्यांनी नदीचं पाणी उपसल्याचे फोटो सगळीकडे फिरू लागले. तळ, रूळ, सगळं उघडं. टूर संपली तरी व्हॉट्सॲप ग्रुप कोणी सोडत नाही, म्हणून त्यावर मी एक फोटो टाकला. दोन-चार रडके चेहरे आले, एक सुप्रभात आला. संध्याकाळी आजींचा आवाज आला, सुनेने रेकॉर्ड करून दिलेला. राजापूरपर्यंत एके काळी गलबतं जायची, मग खाडी गाळाने भरली, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला असावा. 'अगो, गाळ तर दिसतच नाही,' त्या म्हणत होत्या. 'एवढी साफ नदी आणि बुजवतात? आमच्या खाडीला द्यायची होती यांची मशिनं.'