आमची वाटचाल : तारे मोजणारी माणसं

2011 साली पुण्यात दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही वर्ग सुरू केला. डोळ्यांसमोर एकच परीक्षा होती, ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे विजेची बचत बघणाऱ्या केंद्र सरकारच्या बीईईची. ऊर्जा व्यवस्थापकाला तीन पेपर, ऊर्जा लेखापरीक्षकाला (विजेचा वापर तपासणाऱ्याला) चार, आणि प्रत्येकात किमान पन्नास टक्के हवेत. चौथ्या पेपरला पुस्तकं उघडून बसता येतं, म्हणून तोच सोपा, असा मुलांचा समज. तो मोडायला एक सराव पेपर पुरतो.

मी इलेक्ट्रिकलचा, माझी भागीदार आर्किटेक्ट. पास होणाऱ्यांची संख्या बरी होती, पण तीच मुलं कामाला लागल्यावर फोन करून विचारायची ते प्रश्न पुस्तकात नव्हते. मग आम्ही स्वतःची परीक्षा काढली आणि ती इमारतीतच घ्यायची ठरवलं. दोन उमेदवारांना एकाच इमारतीत तिचा वीजवापर मोजायला वेगवेगळं पाठवायचं, त्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांचे आकडे जुळले तरच पुढे.

ते सहसा जुळत नाहीत. ऑफिस इमारतीला ब्युरो वीज बचतीसाठी जे एक ते पाच तारे देतो, ते ठरतात वर्षाच्या वीजवापराला क्षेत्रफळाने भागून; आकडा जितका कमी, तितके तारे जास्त. इतका साधा भागाकार, आणि घोळ नेमका तिथेच! समजा मुंबईतल्या एका ऑफिसचा वार्षिक वापर सात लाख युनिट आणि क्षेत्रफळ पाच हजार चौरस मीटर. उत्तर चौरस मीटरला 140 युनिट. ब्युरोने 2009 मध्ये आणलेल्या योजनेत उष्ण-दमट हवामानातल्या वातानुकूलित ऑफिसला याला तीन तारे मिळत. एकाने तळघरातलं हजार चौरस मीटरचं पार्किंगही क्षेत्रफळात धरलं की आकडा 117 वर येतो आणि तारे चार होतात. पार्किंग धरायचं नसतं. जनरेटरची वीज धरायची असते, आणि तिची नोंद वीजबिलात नसते, ती जनरेटरच्या लॉगबुकात असते. गच्चीवरच्या सौर पॅनेलची वीज मात्र वगळायची.

एप्रिल 2020 पासून महावितरण उच्चदाब ग्राहकांना (कारखाने, मोठ्या इमारती यांना) केव्हीएएचवर, म्हणजे खेचलेल्या एकूण विजेवर, बिल देऊ लागलं आणि आमच्या परीक्षेला नवा सापळा आयताच मिळाला. बिलात ठळक दिसणारा आकडा तो, आपल्याला हवे केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेले युनिट. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर, उत्तम असेल तर फरक जाणवतही नाही, आणि म्हणूनच तो निसटतो. मी मुद्दाम जरा ढिल्या पॉवर फॅक्टरची बिलं जमवून ठेवली आहेत.

2018 मध्ये इको निवास संहिता, म्हणजे घरांच्या इमारतींसाठीची ऊर्जा बचतीची नियमावली, आली आणि वर्गाचा तोल भागीदारीणबाईंकडे झुकला. छताचा यू-व्हॅल्यू (त्यातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप) 1.2 च्या आत, भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॅटच्या आत, मुंबईसारख्या हवेत उघडणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या किमान सहाव्या हिश्शाएवढ्या. इलेक्ट्रिकलवाल्यांना भिंत म्हणजे केबल लपवायची जागा. आर्किटेक्ट मंडळी विजेच्या पॅनेलसमोर हात मागे बांधून उभी राहतात. आता आम्ही त्यांच्या जोड्याच लावतो. 2022 च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून बिल्डरांकडची मुलंही येऊ लागली आहेत.

एका कंपनीने मध्यंतरी विचारलं होतं, "चार तारे देईल असा मुलगा पाठवा." आम्ही पाठवला नाही. त्यांना कुणीतरी मिळालाच असेल.

सगळ्यात अवघड काम परीक्षेसाठी इमारत मिळवण्याचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मीटर रूमची किल्ली मागितली की आधी संशयाने बघतात. शेवटी आम्ही सौदा ठरवला : तुम्ही गच्ची आणि मीटर रूम उघडा, आम्ही पंप, लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांचा वापर तपासून अहवाल फुकट देऊ. पाण्याचा पंप गरजेपेक्षा मोठा निघाला, की तीच सोसायटी पुढच्या बॅचच्या वेळी स्वतःहून फोन करते.