तुम्ही विचारलेत म्हणून: भोपळ्याच्या नावात आकडा का?

ऑक्टोबरात वजनाच्या स्पर्धेचा फोटो पाठवला की पुण्याच्या नातेवाइकांकडून आणि इथल्या, मॅसॅच्युसेट्समधल्या, मराठी मंडळींकडून एकच प्रश्न येतो: चार-पाच महिने लेकरासारख्या सांभाळलेल्या भोपळ्याला तुम्ही नाव का ठेवत नाही, नुसता आकडा आणि आडनाव का लिहिता? यंदा एका भाचीने त्याच्या पुढचेही विचारले. २०१७ च्या फोटोखाली आकड्याच्या शेवटी ‘डीएमजी’ अशी तीन अक्षरे आहेत, ती कशाची? पहिल्या प्रश्नाला मी आजवर वरवरची उत्तरे देत आले. दुसऱ्यामुळे आता दोन्हींचे नीट उत्तर देणे भाग आहे.

आकडा हेच नाव आहे. काट्यावर भरलेले वजन पौंडांत, मग वाढवणाऱ्याचे आडनाव, मग वर्ष. ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी इथल्याच टॉप्सफील्डच्या जत्रेत दोन हजार पौंडांची मर्यादा जगात प्रथम ओलांडली, तो भोपळा ‘२००९ वॉलेस’ म्हणून ओळखला जातो. त्यातले २००९ हे वजन आहे, साल २०१२ चे. बेल्जियमच्या मथियास विलेमाइन्स यांचा २०१६ चा विक्रमी भोपळा त्यांच्याकडे ११९० किलोंचा, तरी आम्हा सर्वांच्या तोंडी तो ‘२६२४ विलेमाइन्स’च. यात रुक्षपणा आहे असे तुम्हाला वाटते. मला त्यात हिशेबाचा प्रामाणिकपणा दिसतो, आणि म्हणूनच पुढची हकिकत सांगणे जड जाते.

कारण हे नाव फळासाठी नसून बियांसाठी असते. फळ हिवाळ्यापर्यंत कुजून जाते. नाव पाकिटावर राहते, आणि त्याच्याखाली वंश लिहिलेला असतो, आधी मादी, मग नर. यात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पाकिटावरचे वजन आतल्या बियांचे नव्हेच, ते त्यांच्या आईच्या वेलाचे कर्तृत्व आहे. ज्या नराचे पराग घातले त्याचा अंश फळाच्या आकारात नव्हे तर केवळ बियांत उतरतो. त्याच वेलाचे पराग वापरले असतील तर ‘सेल्फ्ड’ लिहितात. फळ काट्यावर चढलेच नाही आणि वजन फितीच्या तीन मापांवरून काढले, तर आकड्यापुढे ‘ईएसटी’, म्हणजे ‘एस्टिमेटेड’, लावतात. आणि फळाला इजा झाली असेल तर ‘डीएमजी’, म्हणजे ‘डॅमेज्ड’.

२०१७ साली सप्टेंबरच्या अखेरीस कोरड्या, गरम आठवड्यानंतर रात्रभर पाऊस झाला. मी पाणी आधीच तोडायला हवे होते; तोडले नव्हते. सकाळी पांघरूण काढले तेव्हा वरून सारे ठीक होते. फुलाकडच्या टोकाखाली हात घातला तर बोटांना धार लागली, आणि त्या फटीतून थंड हवा बाहेर येत होती. चीर पोकळीपर्यंत गेली होती. अशा फळाला स्पर्धेत स्थान नसते. तरीही आम्ही ते नेले, त्याचे वजन १३८६ पौंड भरले, तोवरचे माझे सर्वांत मोठे फळ, आणि नोंदीत आकड्यापुढे ती तीन अक्षरे आली.

हिवाळ्यात बिया वाळवून पाकिटे भरताना मी वजन लिहिले, आडनाव, वर्ष, आई-बाप सारे लिहिले. ती अक्षरे तेवढी लिहिली नाहीत. माझे म्हणणे असे होते की चीर पावसाने आणि माझ्या चुकीने पडली, बियांचा त्यात दोष नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या राज्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला. माझे बी त्यांनी लावले होते. एका वेलावर एकच फळ, सारा उन्हाळा त्यासाठी दिलेला, आणि ते ऑगस्टमध्ये त्याच जागी फुटले. त्यांनी विचारले, हिची आई फुटली होती का? मी हो म्हणाले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, “मग पाकिटावर तसे का नव्हते?” ते रागावले असते तर मी काही बचाव केला असता.

पाकिटे ज्यांना दिली होती त्या सर्वांना मी त्यानंतर लिहून कळवले. तरीही २०१७ ची मी अजून वाद घालते, आणि तिचे मुद्दे पोकळ नाहीत. फुटण्याला पाऊस, खोल कंगोरे, अचानक वाढ, अशी अनेक कारणे असतात. दोन फळांवरून वंशाचा दोष सिद्ध होत नाही. ‘डीएमजी’ हे अक्षरसमूहही इतके मोघम, की चीर, कूज आणि उचलताना बसलेला धक्का यांत ते भेद करत नाही. ती अक्षरे लिहिली असती तर ते बी बहुधा कोणी लावलेच नसते, आणि त्याच पाकिटातल्या एका बीपासून दुसऱ्या एका बाईंनी माझ्याहून मोठे, निर्दोष फळ काढले, तेही झाले नसते. पण ते बी लावायचे की नाही हे त्या गृहस्थांनी ठरवायचे होते, आणि मी ते त्यांच्या वतीने ठरवून टाकले.

त्या फळाच्या अकरा बिया माझ्याकडे उरल्या आहेत. पाकिटावर आता तिन्ही अक्षरे आहेत. दर एप्रिलला मी ते पाकीट बाहेर काढते, आणि त्यातली एक तरी स्वतः लावावी की नाही हे माझे ठरत नाही.