काळेघाटचे खलनायक: मोहीम पाचव्या पातळीवर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळातली आमची काळेघाटची मोहीम, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी काल्पनिक कथा, नुकतीच पाचव्या पातळीवर पोहोचली असून चारही पात्रे अजून जिवंत आहेत आणि, त्याहून विशेष म्हणजे, एकत्र आहेत. या खेळात खलपात्रांची टोळी खेळवलेल्यांना ठाऊक असेल की अशी टोळी शत्रूच्या हातून क्वचितच संपते. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत एक खेळाडू दुसऱ्याच्या थैलीत हात घालतो, तिसरा त्याचा सूड घेतो आणि मोहीम तिथेच आटोपते. हे आमच्याकडे का घडले नाही, याचीच मुख्यतः ही नोंद आहे.

आमची बैठक जुळे सोलापुरात एका खेळाडूच्या घरी भरते. गड्ड्याची यात्रा (सोलापूरची संक्रांतीची जत्रा) आटोपल्यावर मोहीम सुरू झाली तेव्हा आम्ही दुपारी खेळत होतो. चैत्रापासून मात्र पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारी बसणे अशक्य झाल्याने दिवेलागणीनंतर जमतो. डीएम (डंजन मास्टर), म्हणजे कथा चालवणारा आणि बाकीची सगळी पात्रे खेळवणारा, मी आहे. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे, नकाशा आलेख-कागदावर आणि पुतळ्यांच्या जागी कॅरमच्या सोंगट्या. पात्रे चार आहेत: शपथ मोडलेला पॅलाडिन (धर्मयोद्धा), नेक्रोमॅन्सर (मृतांना उठवणारा जादूगार), सैतानाशी करार करून जादू मिळवलेली वॉरलॉक आणि एक चोर.

पहिल्या बैठकीत फासे बाहेरच काढले नाहीत. टेबलावर काय घडणार नाही, हे आधी ठरवले: लैंगिक अत्याचार नाही, लहान मुलांचा छळ नाही आणि खऱ्या जाती-धर्मांचा उल्लेख कोणत्याही खलपात्राच्या तोंडी नाही. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी मांडलेले एक्स-कार्डही मध्यभागी ठेवले. प्रसंग असह्य झाला की त्यावर बोट ठेवायचे आणि कारण न विचारता प्रसंग बदलायचा. हे सोपस्कार नवख्यांसाठी असतात असा समज काही अनुभवी खेळाडूंमध्ये आहे, पण माझे मत नेमके उलट आहे. कुंपण कुठे आहे हे माहीत असले की माणूस आतल्या आत निर्धास्तपणे दुष्टपणा करू शकतो.

दुसरा निर्णय असा की, पात्रांनी एकमेकांवर फासे टाकायचे नाहीत. दगाफटका करायचाच असेल तर ज्याला दगा द्यायचा त्या खेळाडूची आधी संमती घ्यायची. यावर बराच वाद झाला, कारण शपथ मोडलेल्या पॅलाडिनला मृतांवर ताबा मिळवण्याची शक्ती असते आणि तिच्या जोरावर तो नेक्रोमॅन्सरनेच उठवलेला सांगाडा चोवीस तासांसाठी पळवू शकतो. नियमाने शक्य असलेली गोष्ट टेबलाने का नाकारावी, असा पॅलाडिनचा प्रश्न होता. उत्तर नेक्रोमॅन्सरने दिले: "दादा, तुम्ही माझा सांगाडा न्याल तेव्हा मी तुमच्या मागे उभा नसेन." वाद तिथेच मिटला.

तरीही केवळ मनाईने टोळी टिकत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याची गरज असावी लागते. म्हणून पात्र बनवतानाच प्रत्येकाने दोन गोष्टी लिहून दिल्या: आपल्याला काय हवे आहे, आणि ते टोळीतल्या कोणावाचून मिळणार नाही. पॅलाडिनला ज्या मठाने हाकलले त्या मठाची गादी हवी आहे, पण मठाचे जुने दस्तऐवज फक्त चोराला मिळवता येतात. चोराला काळेघाटच्या मिठाच्या व्यापाराची मक्तेदारी हवी आहे आणि त्यासाठी वॉरलॉकच्या गोड बोलण्यावाचून गत्यंतर नाही. ‘जग जाळायचे आहे’ असे उत्तर एकाने दिले होते. ते मी परत केले. जग जाळणाऱ्याला गमावण्यासारखे काही नसते, आणि ज्याला गमावण्यासारखे काही नाही तो खलनायक दोन बैठकांत कंटाळवाणा होतो.

यापेक्षा मोठा बदल डीएमच्या तयारीत करावा लागला. नेहमीच्या मोहिमेत दुष्टाने काहीतरी करायचे आणि नायकांनी त्याला रोखायला धावायचे, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की खेळाडू खलपात्रे घेऊनही डीएमच्या तोंडाकडे पाहत बसतात. खलनायकांची मोहीम मात्र त्यांच्याच कारस्थानावर चालायला हवी. त्यासाठी एक वही ठेवली आहे. बैठक संपण्यापूर्वी टोळीने पुढचा बेत त्यात लिहायचा: काय मिळवायचे, आड कोण येतो, कोणाला विकत घेता येईल. मी फक्त आड येणारे तयार करतो. अनुभवाचे गुणही बंद केले असून बेत तडीस गेला की पातळी वाढते. मारण्याचे गुण दिले तर खलपात्रे निव्वळ मारेकरी बनतात, आणि लाच देऊन सुटणारे काम तलवारीने करतात.

अलाइनमेंटबद्दल, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाबद्दल, थोडेसे. १९७४ च्या मूळ खेळात सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक एवढेच होते. त्याला सुष्ट-दुष्टाची जोड देणारी नऊ घरांची परिचित चौकट १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात स्थिरावली. पाचव्या आवृत्तीत तिचा नियमांशी संबंध फार उरलेला नाही. शपथ मोडलेला पॅलाडिन दुष्टच असला पाहिजे, अशी अट डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहे खरी, पण ‘डिटेक्ट ईव्हिल अँड गुड’ हा मंत्र सैतान, मृत, देवदूत यांसारखे जीव ओळखतो. माणसाचे काळे मन त्याला दिसत नाही. हे कळल्यावर आमची टोळी भर देवळात निर्धास्तपणे वावरू लागली.

खरा धोका ‘झोन ऑफ ट्रुथ’ या मंत्राचा होता आणि मोहिमेतला आतापर्यंतचा सर्वांत सुंदर प्रसंग त्याच्यामुळेच घडला. मिठाचे कोठार जळाल्यावर नगरसभेच्या पुजाऱ्याने पॅलाडिनला मंत्राच्या पंधरा फूट त्रिज्येच्या वर्तुळात उभे केले. त्यात जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, मात्र उत्तर टाळता येते. शिवाय समोरच्यावर मंत्र चालला की नाही, हे मंत्र टाकणाऱ्याला कळते. मंत्रातून वाचण्यासाठी टाकलेला पॅलाडिनचा फासा हुकला. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पुजाऱ्याने विचारले, "आग लावणाऱ्यांत आपण होता काय?" खेळाडूने क्षणभर विचार केला आणि शांतपणे म्हटले, "आग लागली तेव्हा मी पुलावर पहारा देत होतो, महाराज, आणि माझ्या हातात भाल्याशिवाय काहीही नव्हते." शब्द न् शब्द खरा होता. आग वॉरलॉकच्या इम्पने (तिच्या हुकमातल्या छोट्या सैतानाने) लावली होती, आणि पहारा होता तो इम्पला कोणी अडवू नये म्हणून. हे शुद्ध ‘नरो वा कुंजरो वा’ झाले. गंमत अशी की, फासा हुकला नसता तर पुजाऱ्याला संशय आला असता. मंत्र चालल्याचे त्याला कळले म्हणूनच त्याने ती साक्ष ग्राह्य धरली.

वॉरलॉकच्या खेळाडूने सुरुवातीला प्रत्येक धमकी आवाज चढवून दिली. मी तिला नीलू फुले आठवायला सांगितले. त्यांच्या खलनायकाची जरब हळू, रेंगाळणाऱ्या शब्दांत असे. तेव्हापासून ती सावकाश बोलते आणि समोरचे पात्र खेळवताना मलाच अस्वस्थ व्हायला होते. दुसरीकडे चोर आणि नेक्रोमॅन्सर हे दोघे घरी तेलुगू बोलणारे असल्याने चोरांची सांकेतिक भाषा म्हणून त्यांनी तेलुगूच वापरायला घेतली. पण हे सोलापूर आहे. तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात वाढलेल्या पॅलाडिनला त्यातले सगळे समजत होते आणि त्याने ते बरेच दिवस कोणालाही सांगितले नाही.

नेक्रोमॅन्सरचा हिशेब मात्र सर्वांनी समजून घ्यावा, कारण मृतांची फौज फुकट मिळते हा भ्रम सार्वत्रिक आहे. ‘अ‍ॅनिमेट डेड’ हा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे (मंत्रांची पातळी पात्रांच्या पातळीहून वेगळी असते) आणि पाचव्या पातळीच्या जादूगाराकडे तसे स्लॉट, म्हणजे तो मंत्र टाकण्याच्या रोजच्या संधी, दोनच असतात. एका मंत्रात एक सांगाडा उठतो आणि चोवीस तास ऐकतो. मुदत संपण्यापूर्वी पुन्हा मंत्र टाकला तर जुन्या चारांपर्यंतचा ताबा टिकतो, पण त्या मंत्राने नवा उठत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी चार, आणि त्यानंतर रोजचा एक स्लॉट निव्वळ पगारापोटी. एक दिवस चुकला तर तळघरात चार मोकाट सांगाडे.

सध्या टोळीच्या मागावर नायकांचा एक जथा आहे. त्यांच्यासाठी ‘ब्लेड्स इन द डार्क’ या दुसऱ्या खेळातले, वाढता धोका मोजणारे सहा भागांचे घड्याळ उचलले असून गाजावाजा झालेल्या प्रत्येक कृत्यागणिक एक भाग रंगवतो. घड्याळ खेळाडूंना दिसते. चार भाग भरले आहेत, आणि वहीतला पुढचा बेत मठावर थेट चालून जाण्याचा आहे. मी त्यांना रोखणार नाही. पॅलाडिनला मात्र सातवी पातळी गाठण्यापूर्वी हल्ला नको आहे, कारण तेव्हा दहा फुटांच्या आतल्या मृतांच्याही जवळच्या वारात त्याच्या करिष्म्याची भर पडू लागेल. तसे झाले तर सांगाड्यांना धनुष्य टाकून तलवारी घ्याव्या लागतील आणि पॅलाडिनला चिकटून लढावे लागेल. मग त्यांना हुकूम कोणाचा, यावर मागच्या रविवारी सुरू झालेली घासाघीस अजून चालू आहे.