सेप्ट बघायला गेलो आणि जिन्यातच बसलो

गुजरात मेलनं सकाळी अहमदाबादला उतरलो तेव्हा ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं. एप्रिलचा दुसरा आठवडा. सोबत भाची. तिला आर्किटेक्चर करायचंय, आणि ताईनं मला सांगितलं होतं, "तुला इमारती बघत हिंडायची हौस आहे ना? मग हिलाही ने." आधी सेप्टला, म्हणजे इथल्या आर्किटेक्चर शिकवणाऱ्या विद्यापीठाला, मेल टाकून परवानगी काढली होती. फाफडा-जिलेबी हाणून रिक्षा केली. साबरमती ओलांडून आश्रम रोडला लागलो तर डाव्या-उजव्या बाजूला बघता बघता ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टनं केलेली मिल ओनर्सची (गिरणीमालक संघाची) इमारत मागे पडलीसुद्धा. रिक्षावाल्याला थांब म्हणेपर्यंत पुढचा सिग्नल आला.

सेप्टमध्ये शिरल्यावर भाचीचं पहिलं वाक्य: "मावशी, यांचं प्लास्टर राहिलंय का?"

राहिलेलं नाही. मुद्दामच केलेलं नाही. विटांच्या लांबलचक समांतर भिंती, त्यांच्यावर काँक्रीट, आणि त्या काँक्रीटवर शटरिंगच्या, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या, फळ्यांचे ठसे. जवळ जाऊन बोट फिरवलं तर लाकडाच्या रेषासुद्धा लागतात. मुख्य दरवाजा शोधायला गेलो तर तो सापडेना. इमारतीच्या पोटाखालीच मोकळी सावलीची जागा आहे, तिथून वारं आणि माणसं दोन्ही आरपार जातात. एका बाजूला एक ज्युरी, म्हणजे मुलांच्या कामाची तपासणी, चालली होती. मुलगी ड्रॉइंगच्या शीटसमोर उभी, बोटांवर फेविकॉल वाळलेला, आणि समोरचे सर शांतपणे विचारत होते, "पण पाऊस आला की हे पाणी कुठं जाणार?" तिला उत्तर येत नव्हतं. भाचीचाच चेहरा पडला.

ही आर्किटेक्चरची शाळा १९६२ची. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी तिचे संस्थापक-संचालक. माणूस पुण्याचा बरं का! १९२७मध्ये पुण्यात जन्म, घरचा फर्निचरचा धंदा, १९४७मध्ये मुंबईच्या जे.जे.त आर्किटेक्चरला प्रवेश. मग पॅरिसला कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात काम, आणि त्याच्याच अहमदाबादच्या इमारतींवर देखरेख करायला म्हणून इथं आले ते इथलेच झाले. गिरणीमालकांच्या या शहरात तेव्हा पैसा होता आणि तो शिक्षणात घालायची दानतही होती. कस्तुरभाई लालभाईंच्या अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीनं पाठबळ दिलं. त्याच १९६२मध्ये आयआयएमच्या इमारतींसाठी अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानला बोलावणं गेलं, त्यातही दोशींचा हात होता. २०१८मध्ये त्यांना प्रिट्झकर हे आर्किटेक्चरमधलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक मिळालं, भारतात पहिल्यांदाच.

पुढं शाळेला भावंडं होत गेली. १९७२मध्ये प्लॅनिंग, म्हणजे नगररचना, ते उभं करण्यात दोशींबरोबर होते आर्किटेक्ट क्रिस्टोफर बेनिंजर, जे नंतर पुण्याला येऊन स्थायिक झाले. १९८२मध्ये बांधकाम तंत्रज्ञान, १९९१मध्ये इंटिरिअर. २००५मध्ये राज्याच्या कायद्यानं सगळ्याचं मिळून विद्यापीठ झालं. बी.आर्क. पाच वर्षांचं. गंमत स्टुडिओची आहे: सत्राच्या सुरुवातीला शिक्षक आपापल्या स्टुडिओचा विषय मुलांपुढं मांडतात आणि मुलं पसंतीक्रम देतात. म्हणजे शिक्षकांनाही दर वेळी स्वतःला विकावं लागतं! आमच्या कॉलेजात असं असतं तर दोघा-तिघा शिक्षकांच्या वर्गात कुणीच फिरकलं नसतं.

वर स्टुडिओत गेलो. 'मजला' हा शब्द इथं लंगडा पडतो. अर्धा जिना चढलात की एक पातळी, आणखी अर्ध्यावर दुसरी. वरच्या कठड्यावरून खालच्या वर्गाची टेबलं दिसतात. पहिल्या वर्षाच्या पोरानं मान वर केली की सीनियरांचं भांडण ऐकू येतं. मला वाटतं, निम्मा अभ्यासक्रम तोच असावा. उजेड उत्तरेकडून तिरका येतो. ऊन थेट आत येत नाही, त्यामुळं ड्रॉइंग करताना स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडत नाही आणि डोकंही तापत नाही. बाहेर अंगाची लाही होत होती, आत आम्ही जिन्याच्या पायरीवर तासभर बसून राहिलो. कुणी उठवलं नाही.

ग्रंथालय नवं, २०१७चं, आर्किटेक्ट राहुल मेहरोत्रांचं. ते इथलेच माजी विद्यार्थी. बरंचसं जमिनीखाली आहे. उतरताना वावेची, म्हणजे गुजरातेतल्या पायऱ्यांच्या विहिरीची, आठवण होते. मला आवडलं, भाचीला नाही.

चारनंतर शेजारच्या 'अमदावाद नी गुफा'त गेलो. जमिनीतून वर आलेले चिनीमातीच्या तुकड्यांचे घुमट, आत झाडांच्या बुंध्यांसारखे तिरके खांब, आणि भिंतीवर हुसेनचे घोडे. इमारत दोशींची, चित्रं हुसेनची. हुसेन जन्मले पंढरपुरात. एक पुण्याचा, एक पंढरपूरचा, आणि दोघांनी मिळून खोदली काय तर अहमदाबादेत गुहा!

परतीच्या गाडीत भाचीनं वही काढून शाळेचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढायला घेतला. दोन पातळ्या जमल्या, तिसरीपाशी अडली.

"मावशी, तो मधला जिना कुठून सुरू होत होता गं?"

मी फोन काढून फोटो चाळले. सगळे आवारातल्या कडुनिंबाचे निघाले.