वाक्याचा शेवट गिळू नका

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. ‘मी उद्यापासून त्या घरात पाऊल ठेवणार नाही’ या वाक्याचं सगळं वजन शेवटच्या ‘नाही’वर आहे. नवखा नट नेमका तोच शब्द गिळतो. सुरुवात जोरात होते, मध्यावर श्वास संपत येतो आणि ‘ठेवणार नाही’ छातीतच विरून जातं. पाचव्या रांगेतल्या प्रेक्षकाला हा माणूस घरात जाणार आहे की नाही, हेच कळत नाही.

हाच नट मुलाखतीत आणि सोसायटीच्या सभेतही असाच बोलतो. ‘हे काम मला जमेल’ यातला ‘जमेल’ ऐकूच येत नाही आणि समोरच्याच्या मनात शंका उभी राहते. नाटकात काम केल्याने आत्मविश्वास वाढतो का, असं कुणी विचारलं की माझं उत्तर इथून सुरू होतं. वाढतो, पण ‘स्टेज डेअरिंग’ नावाचं काही अचानक अंगात येतं म्हणून नाही. भित्रेपणा म्हणजे बऱ्याच अंशी स्वतःवर खिळलेलं लक्ष. मी कसा दिसतोय, हात कुठे ठेवू, लोक हसतील का, याच विचारात माणूस अडकतो. तालमीत रोज करायची कामं इतकी नेमकी असतात की ते लक्ष स्वतःवरून उठून कामावर आणि समोरच्या माणसावर जातं. मात्र तालीम नीट घेतली तरच.

उदाहरणाला एकांकिका घेऊ. पाच-सहा पात्रं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा खेळ, तीस ते चाळीस दिवसांची तालीम. पुण्यात 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था भरवत असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी दर पावसाळ्यात कॉलेजांच्या वर्गांत हेच चालू असतं.

पहिला आठवडा श्वासाला द्यावा. पाठीवर झोपून पोटावर एक जाडसं पुस्तक ठेवायचं. श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे, खांदे नाहीत. चार अंक मोजत श्वास आत घ्यायचा आणि ‘स्स्स’ असा आवाज करत एकसारखा सोडायचा. सुरुवातीला बारा-पंधरा सेकंदांत आवाज थरथरू लागतो. रोज दहा मिनिटं केलं तर तीनेक आठवड्यांत बरेच जण पंचवीसच्या आसपास पोचतात. मग संहिता घेऊन पेन्सिलीने श्वासाच्या जागा आखायच्या. एक नियम पक्का ठेवायचा: क्रियापदाच्या आधी श्वास तोडायचा नाही. उच्चारांसाठी ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ पुरेसं आहे, पण आधी अगदी सावकाश, प्रत्येक ‘ळ’ सुटा ऐकू येईल असं. वेग नंतर.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दिग्दर्शकाने ‘आवाज वाढव’ एवढंच सांगणं. मुलगा घशातून ओरडतो, चार दिवसांत घसा बसतो, आणि ‘आपला आवाजच नाजूक’ ही समजूत घट्ट होते. त्यापेक्षा शेवटच्या रांगेतली एक खुर्ची ठरवून द्या. तिथे एका मित्राला बसवा आणि त्याला सांगा, वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही की हात वर कर. बाकी काही सांगावं लागत नाही. घसा दुखायला लागला तर त्या दिवशी थांबायचं, कोमट पाणी प्यायचं, खेचायचं नाही.

दुसरी अडचण हातांची. रंगमंचावर उभं राहिलं की हात अचानक दोन किलोचे होतात. ‘हात मोकळे सोड’ म्हटलं की ते आणखी ताठरतात. उपाय म्हणजे हातांना खरं काम देणं. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, शर्टाचं बटण शिवणं. इथे ‘खरं’ या शब्दाला महत्त्व आहे. रिकाम्या ताटात बोटं फिरवून सोलल्याचा अभिनय केला तर लक्ष पुन्हा ‘मी कसा दिसतोय’कडे जातं. ताटात वीस खऱ्या शेंगा असल्या, सीन संपेपर्यंत त्या सोलायच्या असल्या आणि त्याच वेळी आईशी भांडायचंही असलं, तर लाजायला डोक्यात जागाच उरत नाही. बुजऱ्या मुलासाठी यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही. पायांचं सोपं आहे. वजन दोन्ही पायांवर ठेवायचं, आणि कारण असल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. डुलत बोलणाऱ्याचं वाक्यही डुलतं.

पाठांतराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण धीर खचतो तो बहुतेक वेळा इथे. शाळेची सवय अशी की आपली वाक्यं एका दमात घोकायची. तशी घोकली की त्यांना कवितेसारखी चाल लागते आणि ती महिनाभर निघत नाही. म्हणून पहिल्यांदा वाक्यं सपाट, भाव न घालता पाठ करावीत. दुसरं, आपल्या वाक्याआधीचं समोरच्याचं वाक्य, म्हणजे क्यू, आपल्या वाक्याइतकंच पाठ हवं. पानावर पोस्टकार्ड ठेवून आपलं वाक्य झाकायचं, समोरच्याचं वाचायचं, आपलं मोठ्याने म्हणायचं, मग कार्ड सरकवायचं. दिवसाला आठ-दहा वाक्यं पुरे. रात्री झोपण्याआधी एकदा, सकाळी उठल्यावर एकदा. मूव्ह, म्हणजे रंगमंचावरच्या हालचाली, बसल्यावर चालत चालत पाठ करावं. ‘खिडकीपाशी गेलो की हे वाक्य’ अशी गाठ शरीरात बसते आणि ती मेंदूतल्या गाठीपेक्षा उशिरा सुटते. पंधराव्या दिवसानंतर हातात संहिता नको. त्या दिवशी सगळे अडखळणार, तालीम दुप्पट वेळ चालणार. चालू द्या.

जमिनीवर खडूने किंवा कागदी टेपने सेटची आखणी पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी. डावं-उजवं नटाच्या बाजूने धरायचं, प्रेक्षकाच्या नाही. एवढं ठरवलं नाही म्हणून कितीतरी नवखी मुलं रोज चुकीच्या दिशेने वळतात, बोलणी खातात आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतात. चूक सूचनेत असते.

मग ऐकणं. नवखा नट समोरचा बोलत असताना आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभा असतो. त्यावरचा खेळ साधा आहे. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द आधी उच्चारायचा, मगच आपलं वाक्य. ‘...पैसे कुठून आणणार?’ ‘आणणार? बाबांकडून.’ एक सीन पाच वेळा असा करा, सहाव्यांदा शब्द मनातल्या मनात म्हणा. सीनचा नूरच बदलतो. घरी, ऑफिसात, मित्रांत या एका सवयीचा जितका उपयोग होतो तितका मोठ्या आवाजाचाही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. समोरच्याचं खरंच ऐकणाऱ्या माणसाला ‘आता मी काय बोलू’ हा प्रश्न फारसा पडत नाही.

टोरांटोमध्ये ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षांच्या 144 मुलांवर एक प्रयोग केला होता. तो 2004 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना संगीत, काहींना नाट्य शिकवलं, काहींना काहीच नाही. बुद्ध्यांकात थोडी जास्त वाढ संगीतवाल्या मुलांत दिसली. पण इतरांशी वागण्या-बोलण्यातली सुधारणा नाट्यवर्गातल्या मुलांत दिसली, संगीतवाल्यांत नाही. तालमीत रोज समोरच्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यावं लागतं, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल वाटत नाही.

प्रयोगात ब्लँक होण्याची भीती सगळ्यांना असते, आणि ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने ती जात नाही. तिचीही तालीम घ्यावी लागते. शेवटच्या आठवड्यात एक दिवस फक्त चुकांसाठी राखून ठेवा. कुणीतरी मुद्दाम वाक्य विसरेल, कुणी एंट्री चुकवेल, टेबलावरचं पत्र गायब असेल. नियम तीन: ‘सॉरी’ म्हणायचं नाही, विंगेकडे, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाकडे, बघायचं नाही, हसायचं नाही. ज्याला आठवत नाही त्याने समोरच्याच्या डोळ्यांत बघून थांबायचं. समोरच्याने त्याला वाट करून देणारा प्रश्न विचारायचा: ‘म्हणजे काल तू घरी नव्हतास?’ नटाला युगासारखा वाटणारा तो पॉज प्रेक्षकाला जेमतेम दोन सेकंदांचा असतो, आणि बहुतेकदा तो त्याला अर्थपूर्ण वाटतो.

या बाबतीत तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारी कलाकारांकडे बघावं. त्यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथानक आणि प्रवेशांचा क्रम ठरतो आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे उभे राहतात. एकाने टाकलेलं वाक्य दुसरा उचलतो. पाठांतरावर वाढलेल्या शहरी नटाने रात्रभर बसून एक तरी दशावतार बघावा. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रंगमंचावरचा धीटपणा आपोआप आयुष्यात उतरत नाही. बक्षिसं मिळवलेले काही नट मुलाखतीत मुके होतात, कारण तिथे संहिता नसते. म्हणून तालमीत दररोज पंधरा मिनिटं तरी बिनसंहितेची हवीत. दोघांना एक परिस्थिती द्यायची, पाच मिनिटं बोलू द्यायचं. रेशनच्या रांगेत मधे घुसलेला माणूस, उधार मागायला आलेला शेजारी, असलं काहीही.

आत्मविश्वास वाढवणारी तालीमच तो मोडूही शकते. सगळ्यांसमोर अपमान करणारा दिग्दर्शक ‘कडक’ म्हणून मिरवला जातो. मला ते अजिबात मान्य नाही. नोट्स, म्हणजे दिग्दर्शकाच्या सूचना, तालीम संपल्यावर द्याव्यात, एका माणसाला एका दिवशी दोन, फार तर तीन. नोट माणसावर नको, कृतीवर हवी. ‘तुझ्यात एनर्जीच नाही’ ऐकून कुणी सुधारत नाही. ‘तिसऱ्या वाक्याला तू खाली बघितलंस, तिथे तिच्याकडे बघ’ यावर उद्या काम करता येतं. महिनाभर अशा नोट्स ऐकल्या, वहीत उतरवल्या, दुसऱ्या दिवशी करून पाहिल्या की टीका म्हणजे हल्ला नव्हे, ती कामाची यादी असते, हे अंगवळणी पडतं. नोकरीत हेच सगळ्यात उपयोगी पडतं.

बुजऱ्या मुलाला झाड किंवा गर्दीतला माणूस करू नका, आणि धाडकन मुख्य भूमिकाही देऊ नका. त्याला चार वाक्यांची, पण जिच्याशिवाय नाटक पुढे जात नाही अशी भूमिका द्या. तार घेऊन येणारा पोस्टमन चालेल. तो आला नाही तर सीन अडतो, हे त्याला कळू द्या. ज्याला रंगमंच नकोच आहे त्याला बॅकस्टेज द्या, आणि ते काम दुय्यम समजू नका. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी ठेवणारा, कोणती वस्तू कुठल्या विंगेत, कितव्या पानावर, कुणाच्या हातात जाणार हे सांभाळणारा मुलगा अंधारात पन्नास निर्णय घेतो. त्याची यादी पहिल्यांदा बिनचूक लागते त्या दिवशी त्याची मान वर होते, ती बघण्यासारखी असते.

भूमिका उभी करताना पात्राबद्दल दहा प्रश्न लिहून काढावेत. सकाळी उठल्यावर हा पहिल्यांदा काय करतो, कुणाची उधारी आहे, कुणापासून काय लपवतो. उत्तरं ‘मी’ने सुरू होणारी हवीत. आपल्याला मुळीच पटत नाही असा माणूस करायला मिळाला तर उत्तमच. सुनेला छळणाऱ्या सासूची बाजू ‘मी’ म्हणून दोन पानं लिहून काढल्यावर ती सासू बरोबर ठरत नाही, पण ती कशाला घाबरते ते कळतं.

प्रयोगाच्या दिवशी जेवण दोन तास आधी, हलकं. तोंडाला कोरड पडणार, तळवे घामेजणार, गुडघे हलणार. शरीरात अॅड्रेनलिन वाढल्याची ती लक्षणं आहेत, अपयशाची नाहीत. विंगेत उभं असताना श्वास चार अंकांत घेऊन आठ अंकांत सोडायचा, पाच-सहा वेळा. भीती एंट्रीच्या आधी आणि पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त असते, म्हणून पहिली दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. पहिल्या एंट्रीला हातात सुटा कागद नको, त्याची थरथर शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. पिशवी, तांब्या, जाड पुस्तक असं वजनदार काहीतरी द्या. तिसरी घंटा झाली की संवाद आठवत बसू नका. आपण कुठून आलो आणि आत येऊन काय करणार आहोत, एवढंच आठवा.

बक्षिसावर सगळं टांगू नका. 2022 साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता. दीड-दोन महिने राबलेल्या सगळ्या संघांना त्या दिवशी वाईट वाटलं असणारच, पण त्यांचा कमावलेला श्वास आणि कान काही परत गेला नाही.

ज्यांना चार माणसांत बोलायच्या कल्पनेनेच घाम फुटतो, झोप उडते, त्यांनी समुपदेशकाचीही मदत घ्यावी. नाटक त्याला जोड आहे, पर्याय नाही.

सुरुवातीसाठी करंडकच हवा असं नाही. सोसायटीच्या गणपतीत वीस मिनिटांचं, चार-पाच पात्रांचं नाटुकलं चालेल. गोव्यात जत्रेला गावकरी मिळून नाटक बसवतात, परदेशातली महाराष्ट्र मंडळं दिवाळीला बसवतात. गणपतीत करायचं असेल तर जुलैच्या मध्यापर्यंत संहिता हातात हवी. पहिल्या वाचनाला पेन्सिल न्या, पेन नको, कारण मूव्ह किमान तीनदा बदलतात. गोल करून बसा, आपलं वाक्य मनात वाचून झाल्यावर मान वर करून समोरच्याकडे बघत ते बोला, आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत खाली बघू नका.