कोणते पीक घ्यावे, हे सेन्सर सांगू शकतो का?

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या प्रकल्पांमध्ये गेली काही वर्षे एक विषय हमखास आढळतो. जमिनीत सेन्सर खोचायचा, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), सामू (पीएच), तापमान आणि आर्द्रता यांच्या नोंदी घ्यायच्या, त्या मशीन लर्निंगच्या, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रारूपाला पुरवायच्या आणि त्या शेतात कोणते पीक घ्यावे हे प्रारूपाकडून काढून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप असते. अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात प्रारूपाची अचूकता दिलेली असते आणि ती बहुधा ९९ टक्क्यांच्या आसपास असते. ज्या राज्यात सुमारे चार पंचमांश पेरा पावसाच्या भरवशावर होतो, तिथे पीक निवडण्याचा प्रश्न ९९ टक्के सुटला असेल, तर हे वृत्त प्रकल्पाच्या अहवालात अडकून का पडले आहे, असा प्रश्न पडायला हवा.

या बहुतेक प्रकल्पांच्या मुळाशी एकच आकडेवारी आहे. कॅगल या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळते. तीत २२०० ओळी आणि २२ पिके आहेत, प्रत्येक पिकाच्या बरोबर १०० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत सात रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, तापमान, आर्द्रता, सामू आणि पाऊस. पिकांची यादी वाचू लागले की महाराष्ट्रातला माणूस थबकतो, कारण तीत सफरचंद, कॉफी आणि ताग आहेत. परंतु सोयाबीन, ऊस, ज्वारी, बाजरी, गहू आणि कांदा यांपैकी एकही पीक नाही. हे प्रारूप लातूरच्या शेतकऱ्यासमोर ठेवले, तर तो आज मुख्यतः जे पेरतो त्या सोयाबीनचे नावच प्रारूपाला माहीत नसेल.

खरी अडचण मात्र यादीची नाही. नावे वाढवता येतात. ही आकडेवारी शेतातल्या नोंदी गोळा करून तयार झालेली नाही. पाऊस, हवामान आणि खते यांविषयीची उपलब्ध माहिती एकत्र करून व वाढवून ती बनवलेली आहे आणि तसे तिच्या वर्णनात सांगितलेलेही आहे. त्यामुळे प्रत्येक पिकाचे आकडे आपापल्या चौकटीत नीटस बसलेले असतात. सफरचंदाच्या ओळींत तापमान २१ ते २४ अंश सेल्सिअसच्या मध्ये राहते. सफरचंदाला हिवाळ्यात कडक थंडीचे ठराविक तास लागतात, ही त्या झाडाची मुख्य अट या सात रकान्यांत कुठेच येत नाही. चौकटी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या असल्यावर साधेसुधे प्रारूपही त्या ओळखते. ९९ टक्के म्हणजे प्रारूपाने चौकटी ओळखल्या; शेत ओळखले, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता हेच आकडे प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहू. या आकडेवारीत नत्राचे सर्वांत मोठे मूल्य १४० आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या माती तपासणीच्या अहवालात, उपलब्ध नत्र हेक्टरी किलोमध्ये दिलेले असते आणि २८० किलोपेक्षा कमी असल्यास ते ‘कमी’ या वर्गात धरले जाते. म्हणजे पत्रिकेत १८० किलो नत्र नोंदवलेली, प्रयोगशाळेच्या दृष्टीने नत्राने दुबळी असलेली जमीनदेखील प्रारूपाने आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत समृद्ध जमिनीच्या पलीकडे जाते. काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असते. हेक्टरी ३००–४०० किलो ही तिथे नवलाईची गोष्ट नाही, आणि आकडेवारीची कमाल आहे २०५. पावसाचा रकाना ३०० मिलिमीटरच्या आतच संपतो, तर रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा वेळी प्रारूप ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणत नाही. ते कोणत्या तरी पिकाचे नाव सांगतेच, आणि तेही आत्मविश्वासाची टक्केवारी सोबत जोडून. एककांचा घोळ तर आणखी वेगळा आहे. बाजारातला सेन्सर किलोमागे मिलिग्रॅम दाखवतो, पत्रिका हेक्टरी किलो सांगते (वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी एकावरून दुसऱ्यावर जाताना साधारण २.२४ ने गुणावे लागते), आणि आकडेवारीतील नत्र-स्फुरद-पालाशाचे एकक स्पष्ट दिलेलेच नाही. तिन्ही आकडे एकाच रकान्यात भरणाऱ्या प्रकल्पांना परीक्षकांनी चांगले गुण दिलेले मी पाहिले आहेत.

सेन्सरची बाजू आकडेवारीपेक्षा फारशी भक्कम नाही. पोलादी सुया असलेला, नत्र, स्फुरद आणि पालाश थेट वाचतो असा दावा करणारा जो स्वस्त सेन्सर या प्रकल्पांत वापरला जातो, तो प्रत्यक्षात मातीची विद्युत वाहकता मोजतो आणि त्या एका मोजमापावरून ठरलेल्या सूत्राने तीन आकडे काढून दाखवतो. प्रयोगशाळेत उपलब्ध नत्रासाठी मातीवर अल्कधर्मी परमँगनेटची प्रक्रिया करावी लागते, काळ्या जमिनीतील स्फुरद ऑल्सेनच्या पद्धतीने काढावे लागते. ही कामे सुया खोचून होत नाहीत. कुंडीत थोडे मिठाचे पाणी ओतून पाहावे: क्षाराने वाहकता वाढते आणि तिन्ही अन्नद्रव्ये एकाच वेळी ‘वाढतात’. प्रयोगशाळेच्या टेबलावर ही गंमत वाटेल, पण शिरोळ तालुक्यातील अतिपाण्याने क्षारपड झालेल्या उसाच्या जमिनीत किंवा अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात हाच सेन्सर क्षारालाच सुपीकता समजून बसेल आणि जी जमीन आजारी आहे तिला सर्वांत निरोगी ठरवेल.

ओलावा मोजणारा सेन्सर त्या मानाने प्रामाणिक साधन आहे, मात्र त्यालाही आपल्या मातीची सवय करून द्यावी लागते. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. भेग नेमकी सेन्सरच्या बाजूने गेली, तर तो मातीऐवजी हवेचा ओलावा सांगू लागतो. म्हणून प्रत्येक प्रकारच्या जमिनीत माती वाळवून, तिचे वजन घेऊन सेन्सरचे आकडे जुळवून घेणे आवश्यक असते. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यामुळेच बहुधा ते वगळले जाते.

या सगळ्याहून माझा मोठा आक्षेप विचारलेल्या प्रश्नावर आहे. कोरडवाहू शेतीत पीक ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे जमिनीची खोली, आणि ती त्या सात रकान्यांत नाही. दख्खनच्या पठारावर एकाच गटात वरच्या अंगाला वितीवर मुरूम लागतो आणि खाली नाल्याकाठी मीटरभर काळी माती असते. दोन्हीकडे सामू सारखा, पाऊस सारखा, तापमानही सारखे. वरच्या हलक्या रानात बाजरी, मटकी किंवा मूग यांच्यापलीकडे जाणे धोक्याचे असते. खालच्या भारी रानात खरिपाचा ओलावा साठून राहतो आणि त्यावर रब्बीची ज्वारी किंवा हरभरा एकाही पाण्याशिवाय निघू शकतो. मीटरभर खोल भारी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे दीड-दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते, हलकी जमीन त्याच्या अंशभरच. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने राज्याचे मृदा नकाशे तयार केलेले आहेत. परंतु एकास अडीच लाख या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर होतात. एका गटातला चढउतार त्यात दिसत नाही. तो कुदळीने खड्डा घेतल्यावर दिसतो, आणि शेतकऱ्याला तर खड्डा न घेताही ठाऊक असतो.

त्यापुढची कारणे मातीत सापडतच नाहीत. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन इतके का पसरले, याचे उत्तर नत्र-पालाशात शोधून मिळणार नाही. ते सुमारे शंभर दिवसांत निघते, मळणी यंत्राने होते, कापसासारखी महिनोन्‌महिने वेचणीला माणसे शोधावी लागत नाहीत आणि रान हरभऱ्याला वेळेवर मोकळे होते. भुईमूग अनेक गावांनी सोडला तो जमीन बिघडली म्हणून सोडला असे नाही. रानडुकरे रात्रीत वाफेच्या वाफे उकरतात आणि राखणीला माणूस उरलेला नाही. घरी जनावरे असतील तर कडब्यासाठी ज्वारीचा एखादा तुकडा ठेवावाच लागतो, मग तिचे अर्थकारण कागदावर कितीही तोट्याचे दिसो. पीककर्ज, मागचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम), विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरेल की नाही याचा अंदाज, हे सारे निवडीत मिसळलेले असते. एका अनुभवी काकांना एक विद्यार्थी आपले यंत्र मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘बाळा, हे सगळं खरं, पण काढणीला मजूर मिळंल का हे सांगतं का तुझं मशीन?’’ प्रश्न चेष्टेचा नव्हता.

भावाचा प्रश्न आणखी निराळा आहे, कारण तिथे सल्ला स्वतःच परिस्थिती बदलतो. एका तालुक्यातील सगळ्या शेतांच्या मातीचे आणि हवेचे आकडे एकमेकांसारखे असतील, तर चांगले प्रारूप त्या सर्वांना एकच पीक सुचवणार आणि सर्वांनी ते ऐकले तर माल एकाच वेळी बाजारात येणार. राज्यात सोयाबीनचा पेरा सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर गेला आहे. २०२४-२५च्या हंगामासाठी ४,८९२ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर असूनही काढणीच्या वेळी बाजारात त्याहून कमी दर मिळाला. तेलाच्या आयातीपासून पेंडीच्या निर्यातीपर्यंत त्याची अनेक कारणे आहेत, पण प्रत्येकाला एकट्याने योग्य असलेला सल्ला सगळ्यांना मिळून अयोग्य ठरू शकतो, हे पीक सुचवणाऱ्या एकाही प्रारूपात मी विचारात घेतलेले पाहिलेले नाही.

मग सेन्सर आणि मशीन लर्निंग निरुपयोगी आहेत का? मुळीच नाहीत. जिथे प्रश्न लहान आणि नेमका ठेवला आहे, तिथे ती कामाला येतात. नाशिकच्या द्राक्षबागांमध्ये पानांवरचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजणारी यंत्रे बागायतदार स्वतःच्या खर्चाने बसवतात, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी हा बुरशीजन्य रोग कधी येईल याचा अंदाज आधी मिळाला तर एखादी फवारणी वाचते किंवा वेळेवर होते आणि त्या एका निर्णयात यंत्राची किंमत वसूल होऊ शकते. तिथे पीक कोणते, हा प्रश्नच नाही. वेल पंधरा वर्षांसाठी लावलेली आहे.

दुसरे उदाहरण आंध्र प्रदेशातील कर्नूल जिल्ह्याचे आहे. २०१६च्या खरिपात इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि मायक्रोसॉफ्ट यांनी देवनकोंडा मंडलातील १७५ भुईमूग उत्पादकांना पेरणी कधी करावी याचे संदेश तेलुगूत पाठवले. जूनच्या सुरुवातीलाच पेरण्याच्या नेहमीच्या सवयीऐवजी त्यांना महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबायला सांगितले गेले. उत्पादनात ३० टक्के वाढ झाल्याचे त्या संस्थांनी जाहीर केले. एका हंगामाच्या आणि प्रकल्प राबवणाऱ्यांनीच केलेल्या मोजणीवर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यातली महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की शेतात एकही सेन्सर नव्हता. तीस वर्षांच्या हवामान नोंदी, चालू हंगामाचा अंदाज आणि साधा फोन एवढ्यावर ते काम झाले. आपल्याकडे कृषी विभाग दरवर्षी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असे सांगतो. तो सल्ला हलक्या आणि भारी रानाला सारखाच लागू केला जातो. जमिनीच्या खोलीनुसार तो वेगळा करता आला, तरी दुबार पेरणीचे संकट काही जणांवरून टळेल.

म्हणूनच ‘कोणते पीक घेऊ?’ याऐवजी ‘मी ठरवलेले पीक या रानात किती वेळा फसले असते?’ हा प्रश्न यंत्राला विचारावा असे मला वाटते. भारतीय हवामान विभागाकडे १९०१पासूनच्या दैनंदिन पावसाची पाव अंशाच्या चौकटींतील, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या अंतरावरची आकडेवारी आहे. महावेध प्रकल्पातून राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने पाऊस, माती, उतार आणि पिके यांवरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन तयार केलेले आहे. यांच्या आधारे अडीच फूट खोलीच्या जमिनीत सोयाबीन-तूर घेतल्यास गेल्या तीस वर्षांपैकी किती वर्षी शेंगा भरण्याच्या काळात ओलावा संपला असता, हे सांगता येते. त्यात अनिश्चितता राहील आणि ती तशीच सांगावी लागेल. तो आकडा घेऊन काय करायचे, हे कडबा, मजूर आणि कर्ज यांचा हिशेब माहीत असलेल्या माणसाने ठरवावे.

प्रारूपाला शिकवण्यासाठी खऱ्या नोंदी हव्यात आणि त्या शासनाकडे आधीच आहेत, फक्त विखुरलेल्या आहेत. कोणत्या गटात काय पेरले हे २०२१पासून ई-पीक पाहणीत नोंदवले जाते. मंडळनिहाय उत्पादन पीक विम्याच्या पीक कापणी प्रयोगांतून निघते. २०१५पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकांत बारा घटकांच्या तपासण्या आहेत, जरी बागायतीत अडीच आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे एकच नमुना घेतलेला असला तरी. राज्य मंत्रिमंडळाने २०२५मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली आहे. त्यातला थोडा भाग नवी यंत्रे घेण्याआधी या तीन नोंदी गट क्रमांकावर एकत्र आणण्यासाठी, शेतकऱ्यांची नावे काढून त्या विद्यापीठांना व विद्यार्थ्यांना खुल्या करण्यासाठी, आणि ई-पीक पाहणीच्या अर्जात जमिनीच्या खोलीचा एक रकाना वाढवण्यासाठी खर्च व्हावा, एवढी माझी मागणी आहे.